मागून म्हणणारी

तो मला ‘भावा’ म्हणायचा. हल्ली सगळीच पोरं मैत्रिणींना तसं म्हणतात, त्यात विशेष काही नाही, हे मी स्वतःला किती वेळा समजावलं असेल देव जाणे. ‘भावा, शनिवारी फ्री आहेस ना?’ असा मेसेज आला की आधी मी हरखायचे आणि मग त्या पहिल्याच शब्दावर येऊन आपटायचे. एकदा वैतागून म्हटलं, ‘अरे, मी काय तुझा भाऊ आहे का?’ तर म्हणाला, ‘भावाच्या वरची पोस्टच नसते आपल्याकडे!’ आणि वर मला टाळी दिली. त्याच्या लेखी तो मान होता. मीही दिली टाळी, करते काय.

आमची ओळख अंबरनाथच्या वाचनालयात झाली. एका कादंबरीची एकच प्रत होती आणि आम्ही दोघं ती मागायला एकाच वेळी टेबलाशी उभे. ग्रंथपालबाईंनी ती मला दिली. त्यानं माझा नंबर घेतला आणि म्हणाला, ‘झाली की कळवा, पण लवकर वाचा हां.’ दर दोन दिवसांनी त्याचा फोन यायचा, कुठवर आलात म्हणून. पुस्तक तर मी पहिल्याच रविवारी संपवलं होतं. पण त्याला सांगत राहिले, अजून अर्धं बाकी आहे, अजून थोडं बाकी आहे. फोन बंद झाले असते ना मग.

मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका कापडाच्या होलसेल दुकानात बिलिंगला आहे. दिवसभर हिंदीत बोलायचं, ‘दीदी, पूरा थान लोगे तो रेट लगेगा’, आणि शेटजींच्या ‘बेटा, शादी कब?’ला हसून मान हलवायची. तो मोरिवलीच्या एमआयडीसीत, एका कंपनीच्या लॅबमध्ये. मोरिवली म्हणजे माझं गाव. कंपन्या आल्या, जमिनी गेल्या, आम्ही तिथंच राहिलो, पलीकडे कंपन्यांच्या चिमण्या आणि अलीकडे आमची घरं. तो बदलापूर गावातला, आमच्यातलाच, आगरी. म्हणजे जात आड यावी, घर आड यावं, असलं काही नव्हतं. कधी कधी वाटायचं, असतं तर बरं झालं असतं. निदान दोष द्यायला काहीतरी मिळालं असतं.

दर शनिवारी त्याची बाईक नाक्यावर यायची. मग आम्ही बदलापूरला पिक्चर टाकायचो. चांगला असो वा भिकार, बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये उभं राहून त्याची चिरफाड करायची. वॉचमन शिट्टी मारेपर्यंत आम्ही तिथंच. शिवमंदिराच्या बाजूला मैदानात गाण्याचा कार्यक्रम असला की आधी जाऊन खाली ताडपत्रीवर जागा धरायची, वडापाव आणि चहा तिथंच. लोकांना वाटतं, एकतर्फी जीव लावलेली बाई गाणं कुठलं ऐकतेय, ती शेजारी टक लावून बसत असेल. साफ खोटं. मी जीव ओतून ऐकायचे. एकदा एका म्हाताऱ्या गवयानं आलापी सुरू केली आणि निवांतपणे, कुठं पोचायची घाईच नसल्यासारखी ती वाढवत नेली. मी डोळे मिटले होते. तो शेजारी आहे हे मला न बघताही कळत होतं, आणि त्यामुळे गाणं दुप्पट आत जात होतं. तेवढं गाणं माझ्या कानात ना त्याआधी कधी शिरलं, ना त्यानंतर.

आणि गोची तिथंच होती. मला जे जे आवडायचं ते सगळं त्याच्याबरोबरच्या शनिवारात जाऊन बसलं होतं. एकदा त्याला ताप होता म्हणून एकटीच पिक्चरला गेले. पिक्चर उत्तम होता. मी मात्र सगळा वेळ मनात त्याला सांगत बसले, हे बघ, हे बघ ना! इंटरव्हलला उठून घरी आले. सांगून टाकावं असं रोज वाटायचं. मग वाटायचं, सांगितलं आणि तो गप्प झाला तर? शनिवार गेला, गाणं गेलं, पुस्तकं गेली. मग मी, बिलिंगचं काउंटर आणि शेटजी. नाही सांगितलं तर भावा. दोन्हीकडून दार बंद, आणि कडी मीच लावलेली.

घरी स्थळं यायची. मी नाकं मुरडायचे. हा लांब राहतो, तो पितो, त्याची आई कजाग दिसते. आई काही बोलायची नाही. आजूबाजूच्या बायका बोलल्याच, तर त्यांना म्हणायची, ‘माझी पोर माझ्या घरान हाय, तुमचे नाय.’ आईच्या या गप्प राहण्याचा अर्थ मी कधी लावलाच नाही. मला वाटायचं, चला, सुटले.

आता आईबद्दल सांगायला हवं. माझी आई धवलारीण. आमच्यात लग्नाचे विधी धवलारीण गाते, ती गाणी म्हणजे धवले. मांडव घालण्यापासून हळद, तेल, वरात, प्रत्येकाचा वेगळा धवला. हल्ली सगळीकडे डीजे, धवलारणीला कोण विचारतो? पण जुनी घरं अजून बोलावतात. धवला दोघींनी गायचा असतो. पुढची एक ओळ घेते, मागची तीच ओळ तशीच्या तशी म्हणते. आईच्या मागून म्हणणारी मावशी गेली, तेव्हापासून मागून मी म्हणते. शाळेत असताना लाज वाटायची. मैत्रिणींना सांगायचे, आई केटरिंगला जाते.

मागचीचा नियम एकच. पुढचीनं जे घेतलं ते घ्यायचं. वांगणीकडच्या एका लग्नात आईनं नवरीच्या मामाच्या जागी काकाचं नाव घेतलं. मी शहाणपणा करून बरोबर नाव म्हटलं. आईनं गाता गाता पदराखालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. परतताना म्हणाली, ‘एकली चुकली तं चूक. दोघी चुकल्या तं गानं. समजलीस?’ मग तो काकाच मामा म्हणून खपला असता आणि कुणाला पत्ता लागला नसता, असं तिचं म्हणणं. आणि दुसरं, एकदा लागलेला धवला तोडायचा नाही. तोडणं म्हणजे अपशकुन.

तो पहिल्यांदा घरी आला तो पुस्तक द्यायला. आई ओट्यावर तांदूळ निवडत स्वतःशीच गात होती. तो दारातच थांबला. ‘काकू, हे काय आहे? परत म्हणा ना!’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो खरंच थरारला होता. फोन काढून खाली जमिनीवर मांडी घालून बसला. मग येतच राहिला. आईनं तांदळाची भाकरी आणि सुकट पुढं केली की दोन्ही हातांनी खायचा. आई त्याला ‘बाला’ म्हणायला लागली. तो मला सांगायचा, ‘भावा, आपण ताडपत्रीवर बसून जे ऐकतो ना, त्याच्या तोडीचं तुझ्या घरात आहे. लाजतेस काय?’ त्याच्यामुळे मला माझ्या आईचं गाणं ऐकू आलं. त्याच्यावरचा राग काढायला बसले की ही एक गोष्ट आडवी येते.

धवल्यात नवरानवरीची नावं गुंफायची असतात. घरी तालीम करताना कुणाची नावं घ्यायची? म्हणून आई मला शिकवताना ‘अमका’ आणि ‘तमकी’ म्हणायची. अमक्याच्या अंगाला तमकीची हळद, असं. मी चेष्टा करायचे, ‘आये, या अमक्या-तमकीचं किती वेळा लग्न लावलंस, पोरं मोठी झाली असतील त्यांची.’

मग तो शनिवार आला. बदलापूरलाच, पिक्चरचा इंटरव्हल. तो दोघांचे समोसे घेऊन आला आणि म्हणाला, ‘भावा, एक गोष्ट सांगू? तुलाच पहिल्यांदा सांगतोय. घरच्यांनी एक मुलगी दाखवली. मी म्हटलं, बघू तरी. आणि यार, आवडली.’ मी म्हटलं, ‘अरे वा!’ माझ्या तोंडात समोसा होता ते एक बरं. अंधार झाला. दुसरा हाफ सुरू झाला. आणि सांगते, तो दुसरा हाफ इतका सुंदर होता, इतका सुंदर होता, की मी रडले ते नेमकं कशासाठी, माझं मलाच ठरवता आलं नाही. शेजारी तोही डोळे पुसत होता. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये आम्ही नेहमीसारखी चर्चा केली. मी दिग्दर्शकाच्या दोन चुकाही काढल्या.

घरी आले आणि आईला सांगितलं, अगदी सहज, डबा घासता घासता. ‘त्याचं लग्न ठरलं गं.’

‘कोनाचं?’

‘त्याचंच. तुझ्या बालाचं.’

चुलीवरचं दूध उतू गेलं ते मीच उतरवलं.

नवरीला मी एकदा भेटले, त्यानं मुद्दाम भेटवली. हसरी, साधी. मला म्हणाली, ‘ताई, तुमच्याबद्दल हे इतकं बोलतात ना!’ वाईट असती तर किती सोय झाली असती! पुस्तकं वाचत नव्हती, पिक्चरमध्ये झोप येते म्हणाली. आणि तो तिच्याकडे जसा बघत होता, तसा तो मैदानात गवयाकडे बघायचा. मग समजलं, शनिवारचं हे सगळं, गाणं, गोष्टी, पिक्चर, याचा आणि त्याच्या जीव लावण्याचा काडीचा संबंध नव्हता. मी एवढी वर्षं चुकीच्या विषयाचा अभ्यास करत बसले होते.

लग्नाला महिना राहिला असताना तो स्वतःच्या आईला घेऊन आमच्या घरी आला. त्याच्या आईनं आमच्या आईला हळदकुंकू लावलं आणि हातात सुपारी ठेवली. तो म्हणाला, ‘काकू, डीजे नाही ठेवत. तुम्ही दोघींनीच गायचं. सगळे विधी, पहिल्यापासून शेवटपर्यंत.’ सुपारी घेतली की धवलारणीला नाही म्हणता येत नाही. मी आतल्या दारात उभी राहून मनात ओरडत होते, घेऊ नको, आये, घेऊ नको, कंबर दुखते म्हण, काहीही म्हण. आईनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मूठ मिटली.

हळदीच्या दुपारी आम्ही बदलापूर गावात त्याच्या घरी गेलो. अंगणात मांडव, आंब्याचे टहाळे, बायकांची ही गर्दी. तो पाटावर उघड्या अंगानं बसला होता आणि मित्र फोटो काढत होते. मला बघून ओरडला, ‘आला माझा भाऊ!’ मी आईच्या मागं, जराशी डावीकडे, नेहमीच्या जागेवर बसले. मनाशी एकच गोष्ट घोकत होते. आज रडायचं नाही. आज काही कळू द्यायचं नाही. इतकी वर्षं सांभाळलंय, आणखी दोन दिवस. उद्या लग्न लागलं की सुटले. कुणाला कधीच कळणार नाही आणि निदान भावा तरी राहीन.

धवला लागला. आईचा आवाज त्या दिवशी काय लागला होता! बायका बोलायच्या थांबल्या. मी मागून ओळ घेत होते. तेल झालं, पाट्यावर हळद वाटून झाली, वाटीतली हळद त्याच्या कपाळाला लागली, आणि नावाची ओळ आली. आईनं त्याचं नाव घेतलं. मी घेतलं. मग आईनं नवरीचं नाव घेतलं.

ते माझं होतं.

स्पष्ट, सुरात, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत माझं नाव. त्याच्या अंगाला माझी हळद. आईला कळलंच नव्हतं. तिचे डोळे मिटलेले होते. ओळ संपली आणि आता माझी पाळी. मागचीनं काय करायचं असतं हे मला झोपेतसुद्धा ठाऊक आहे. पुढचीनं घेतलं ते घ्यायचं. दोघी चुकल्या तं गानं. मी तेच म्हटलं असतं तर आईची चूक झाकली गेली असती, ओळ पुढं सरकली असती, आणि त्या मांडवात एकदा, एकदाच, माझं नाव त्याच्या नावाला लागून वाजलं असतं. मला ते म्हणायचं होतं. खोटं कशाला बोलू, मला ते इतकं म्हणायचं होतं की जीभ वळली होती.

मी नवरीचं नाव घेतलं.

आयुष्यात दुसऱ्यांदा मी आईची ओळ सोडली होती. यावेळी चिमटा आला नाही. आईनं खाडकन डोळे उघडले. आणि पाटावरून तो खो खो हसत ओरडला, ‘काकू, नवरी बदलली की हो! माझ्या भावाला कशाला चढवताय फासावर!’ सगळा मांडव हसला. त्याची आई म्हणाली, ‘वय झालं आता बायचं.’ त्याचं ते हळदीनं माखलेलं तोंड हसत होतं, माझ्याकडे बघूनच हसत होतं, आणि त्यात शंकेचा एक ठिपकासुद्धा नव्हता. ओशाळला असता, गोंधळला असता, क्षणभर नजर चुकवली असती, तरी चाललं असतं. त्याच्या डोक्यात हे कधीच, कुठल्याही शनिवारी आलेलं नव्हतं. मीही हसले. धवला तोडायचा नसतो, म्हणून आईनं पुढची ओळ घेतली आणि मी मागची.

परत येताना रिक्षात आई तोंड फिरवून बसली होती. माझं टाळकं सरकलं होतं. घराच्या ओट्यावर पाय ठेवला आणि मी सुरू झाले. ‘काय केलंस हे? भर मांडवात? लक्ष कुठं होतं तुझं? लोक हसले मला!’

आई ओट्यावर मटकन बसली. ‘तोंडाला सवय लागली गो,’ म्हणाली.

‘कसली सवय?’

‘तू कामाला गेल्यावर घरान म्हनत बसायची मी. अमका-तमकी नाय म्हनायची. त्याचा नाव घेयाची नि तुझा घेयाची. तो पयला आला तवापासून. वाटलं, आज ना उद्या म्हनायला लागंल. तयारी आसलेली बरी.’

मला वाटत होतं, त्या कडी लावलेल्या खोलीत मी एकटीच कोंडलेय. आई त्याच खोलीत होती, दुसऱ्या कोपऱ्यात, गात.

‘मग मला सांगायचं ना!’ मी ओरडले. ‘एकदा तरी विचारायचंस!’

‘तू सांगलंस मना?’ आई म्हणाली.

झालं. मी तिच्या शेजारी टेकले. पलीकडच्या कंपनीचा भोंगा झाला, शिफ्ट सुटली. आई पदरानं नाक पुसत म्हणाली, ‘उद्या सकाली लग्नाचा धवला हाय. त्यान तं पाच येला नाव येतं. मना भ्या वाटतं गो. परत तुझाच आला तं?’

सुपारी घेतलेली होती. उद्या दुसरं कुणी गाणारं नव्हतं. त्या मांडवात परत तसं झालं असतं तर यावेळी कुणी हसलं नसतं, आणि बायका मूर्ख नसतात.

मी चूल पेटवली, चहा टाकला आणि कप आईच्या हातात दिला. मग तिच्या पुढ्यात बसले. मागं नाही, पुढ्यात.

‘ये, म्हण माझ्या मागून,’ मी म्हटलं.

‘मी मागून?’

‘हो, तू मागून.’

मी ओळ घेतली. त्याचं नाव, आणि त्याला लागून नवरीचं. आईच्या तोंडातून हवा निघाली नुसती. मी परत घेतली. या वेळी तिनं त्याचं नाव म्हटलं आणि पुढं अडली, ओठ माझ्या नावाच्या पहिल्या अक्षरावर येऊन थांबले. मी मान हलवली, नाही म्हणून, आणि परत घेतली. शेजारची एक बाई कुंपणापाशी थांबून म्हणाली, ‘अरे वा, आज पोर पुढं?’ मी तिला हो म्हटलं आणि ओळ चालू ठेवली. मी पुढं म्हणत राहिले, आई मागून म्हणत राहिली, तिच्या तोंडातून माझं नाव जाईपर्यंत.